त्रिकोणांचं भांडण

सुजाता, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला येऊन गेले. तू दारात असतीस तर आधी विचारलं असतंस, "ट्रॅफिक लागला का?" लागला. शनिवार पेठेतून निघून हिंजवडीला पोचेपर्यंत माणसाचं दुःखसुद्धा कंटाळतं. तुझ्या मिलिंदनं पुढे येऊन हात धरला, "ताई, पुढे बसा" म्हणाला. मी मागेच बसले. मला तुला एक वाक्य सांगायचं होतं, मनातल्या मनात का होईना, आणि पुढच्या रांगेत सगळ्यांच्या नजरेसमोर बसून ते मला जमलं नसतं.

वाक्य कुठलं ते तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं तू ते माझ्या तोंडून काढायला बघत होतीस आणि मी दाद देत नव्हते. "तू बरोबर होतीस." बस, एवढंच. माणूस गेल्यावर तरी त्याचं देणं देऊन टाकावं, असं घोकत मी रिक्षात बसले होते.

आपली ओळख झाली ती प्रयोगशाळेत, यंत्राच्या खोलीत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रस्त्यावर रोज नव्या बनावटीच्या मोटारी दिसायच्या आणि प्रत्येकीला पुढेमागे प्लॅस्टिकचा बंपर. त्या बंपरवर रंग धरत नव्हता. धरला तरी एका उन्हाळ्यात पापुद्रे सुटायचे. एका कारखान्यानं हे दुखणं आपल्या सरांकडे आणलं आणि सरांनी ते तुझ्यामाझ्या गळ्यात मारलं. रंग लावण्याआधी प्लॅस्टिकवर विद्युतभारित वायूचा झोत मारला की रंग जास्त टिकतो, हे कारखान्याला माहीत होतं. का टिकतो, ते त्यांना आपल्याकडून हवं होतं. म्हणजे त्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग इतक्या जवळून बघायचा, की तिथे साध्या सूक्ष्मदर्शकाचं काही चालत नाही. त्यासाठी परदेशातून नुकतंच आलेलं ते यंत्र होतं. पाटीवर त्याचं नाव अणुबल सूक्ष्मदर्शक असं होतं, बाकी सगळे एएफएम म्हणायचे, आणि आपण दोघी त्याला 'बाई' म्हणायचो. कारण मूड सांभाळावा लागायचा.

तुझी आई वर्ध्याहून आली होती तेव्हा तू तिला खोलीत घेऊन आलीस. डब्यात गोरसपाकाची बिस्किटं होती, ती तिनं आधी माझ्या हातात दिला आणि मग यंत्राकडे बघितलं. "आई, हे डोळ्यानं नाही पाहत, बोटानं पाहते," तू सांगत होतीस. "रेकॉर्डवर पिन फिरते न, तशी बारीक सुई प्लॅस्टिकवरून फिरवायची. सुई वरखाली झाली की आपल्याला इथं पडद्यावर डोंगर-दऱ्या दिसतात." आईनं पडदा बघितला, यंत्र बघितलं, आणि म्हणाली, "मंग याले चश्मा नाही लागत." त्यानंतर कितीतरी दिवस बाईंचं काही बिघडलं की तू म्हणायचीस, "चश्मा लागला वाटते."

त्या खोलीत बोलायची बंदी होती. एक चित्र उमटायला पाच-दहा मिनिटं लागायची आणि तेवढ्यात कोणी खोकलं, दार आपटलं, बाहेरून ट्रक गेला, तरी चित्रावर पट्टे उठायचे. सरांनी यंत्राखाली जाड दगडी फरशी घालून घेतली होती आणि फरशीखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब. कामगिरी चोख होती, पण माणसांच्या तोंडाखाली ट्यूब घालता येत नव्हती. म्हणून मी दारावर पाटी लावली: 'आत मोजमाप चालू आहे. दार हळू उघडावे. शक्यतो उघडूच नये.' तू ती वाचून म्हणालीस, "तुम्ही पुण्याचे लोक पाहुण्यालेही असंच बोलवत असान." मी म्हटलं, पाहुण्यांना आम्ही बोलवतच नाही.

अशी आपली मैत्री झाली, शेजारी शेजारी गप्प बसून. मला वाटतं, आपण बोललो त्यापेक्षा गप्पच जास्त बसलो. चित्र पूर्ण झालं रे झालं की मग दोघी एकदम बोलायला लागायचो.

आणि तुझा हात. सुई म्हणजे डोळ्याला धड न दिसणारं टोक, ते ज्या पट्टीवर असतं तीच मुळात तांदळाच्या कणीएवढ्या चिपेला चिकटलेली. ती चिप चिमट्यात धरून जागेवर बसवायची. मी बसवायला गेले की चिमटा थरथरायचा, आणि एक सुई गेली की सरांच्या कपाळावर आठी. तू मात्र श्वास धरायचीस, ओठ किंचित मुडपायचीस, आणि चिप जागेवर. मला त्या वेळी तुझा हेवा वाटायचा. आता नुसती आठवण येते.

सुयांचं प्रकरण तर सांगायलाच हवं, कारण सगळं तिथूनच बिघडलं. सुया परदेशातून यायच्या, त्यांची छोटीशी डबी सरांच्या कपाटात असायची आणि किल्ली सरांच्या खिशात. नवी सुई मागितली की प्रश्न ठरलेला: "जुनी चालतेय ना?" चालतेय म्हटलं की विषय संपला. आपण दोघी काटकसरीच्या घरातल्या, पेन्सिल बोटांत धरता येईनाशी होईपर्यंत वापरणाऱ्या. जुनी सुई चालवण्यात आपल्याला उलट शहाणपणाच वाटायचा.

मग ते त्रिकोण दिसले. झोत न मारलेलं प्लॅस्टिक बऱ्यापैकी सपाट, आणि झोत मारलेल्यावर जिकडेतिकडे छोटे छोटे त्रिकोण. सगळे सारखे, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला, जत्थ्यानं निघाल्यासारखे. इतकं देखणं चित्र त्या खोलीत आधी कधी उमटलं नव्हतं. सर चक्क आंबा बर्फी घेऊन आले, त्या माणसाला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल. त्रिकोणांच्या कोपऱ्यांत रंग अडकून बसतो, म्हणून टिकतो, असं उत्तरही तयार झालं. चित्राचं मोठं पोस्टर छापलं, खाली तुझं नाव, मग माझं. कारखान्याचे साहेब यायचा दिवस ठरला. ते खूश झाले तर प्रकल्प पुढे चालणार होता, आणि तुझी जागा त्या प्रकल्पावरच होती. माझी शिष्यवृत्ती वेगळी होती, मला धक्का नव्हता. हे मी भांडणात कधी विसरले नाही आणि तूही कधी बोलून दाखवलं नाहीस.

आदल्या दिवशी दुपारी मी जेवून परत आले, गाडी स्टँडवर लावत होते, तर तू समोर.

"मेधा, वर चल न जरा."

"काय झालं?"

"मी नमुना फिरवला."

पुढचं मला तुझ्या चेहऱ्यावरच कळलं. आपल्या कामातली ही बालवाडीतली गोष्ट आहे. काही विचित्र दिसलं की प्लॅस्टिकचा तुकडा काटकोनात फिरवायचा आणि परत बघायचं. दिसणारा आकारही फिरला, तर तो प्लॅस्टिकचा. फिरला नाही, तर तो सुईचा दोष. सगळ्यांना माहीत होतं, आणि चित्र इतकं सुंदर होतं की ते फिरवून बघावं असं आपल्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. वर जाऊन बघितलं. तुकडा फिरला होता आणि त्रिकोण जिथल्या तिथे, त्याच दिशेला टोकं करून बसले होते. सुईचं टोक तुटलं होतं. प्लॅस्टिकवर बारीक उंचवटे होते खरे, पण ते त्या तुटक्या टोकापेक्षा अणकुचीदार, त्यामुळे प्रत्येक उंचवट्यापाशी आपल्याला टोकाचंच चित्र मिळत होतं. इतके आठवडे आपण आपल्या सुईचे फोटो काढून त्यांच्यावर खूश होत होतो.

मी म्हटलं, "उद्याचं होऊ दे. परवा सरांना सांगू."

"परवा सांगून काय फायदा? ते लोक उद्या ठरवतीन न."

"मग आज सरांना सांग. एकट्यात."

"सर मुंबईले आहेत. सकाळी पाहुण्यांसोबतच येतीन."

"मग सकाळी कानात सांग. सगळ्यांसमोर नको."

"कानात सांगितलं तर म्हणतीन, बघू. मग आपण बघतच बसू."

आपलं भांडण हे एवढंच. पुढची सगळी वर्षं आपण यात एका शब्दाची भर घातली नाही, पण भांडायचं काही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू उभी राहिलीस. प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवलास, त्रिकोण पडद्यावर आले, साहेब लोक पुढे सरकून बसले. मग तू दुसरा कागद पहिल्यावर ठेवलास. "हा तोच तुकडा, काटकोनात फिरवलेला. त्रिकोण फिरले नाहीत. म्हणजे हे प्लॅस्टिकचं चित्र नाही. हे आमच्या तुटलेल्या सुईचं आहे. आमचं उत्तर चुकलं, आम्हाला परत मोजावं लागेल." तुझा आवाज स्वच्छ होता आणि कागद धरलेला हात जराही हलत नव्हता. मी मागच्या रांगेत होते आणि मला तुझा इतका राग आला होता की काय सांगू.

साहेबांनी चहा घेतला, सामोसे घेतले, सरांचे आभार मानले आणि गेले. सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"सुजाता, सुई शेवटची कधी बदलली होती?"

"सर, किल्ली तुमच्याजवळ आहे."

सर चष्मा लावून खोलीबाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली यंत्राच्या खोलीत, खिळ्याला लटकत होती. आजही तिथेच असते.

प्रकल्प थांबला. सरांनी तुझ्यासाठी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला, पण कुठे जागा नव्हत्या. चित्रं सरळ करायचा एक प्रोग्राम तू स्वतःच लिहिला होतास, त्याच्या जोरावर हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं तुला घेतलं. तेव्हा तिकडे शेतं होती आणि मध्येच एखादी काचेची इमारत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तुझं काम. मी नाक मुरडलं होतं. तू म्हणालीस, "लोक लिहितात, मी फिरवून पाहते. कामात काही फरक नाही." मला फरक दिसायचा. मला दिसायचा तो चिमटा धरलेला हात, कीबोर्डवर वाया जाणारा. हे मला अजूनही पुरतं पटलेलं नाही, तू गेल्यावरही नाही.

आणि तरीही माझा प्रबंध पूर्ण होईपर्यंत तू शनिवारी शनिवारी कंपनीच्या बसनं यायचीस, माझ्या सुया बसवून द्यायचीस आणि दर वेळी भांडण उकरून काढायचीस. नव्या सुईनं बघितलं तेव्हा उंचवटे गोल निघाले, साबुदाण्यासारखे, बिनदिमाखाचे. रंग का टिकतो त्याचं खरं उत्तर त्या गोल उंचवट्यांतून मिळालं. ते माझ्या प्रबंधात आलं, आणि तुझं नाव फक्त आभारांत. तू ते पान उघडून म्हणालीस, "स्पेलिंग बरोबर आहे."

पुढे तुझं मिलिंदशी लग्न झालं, माझं झालं, मी त्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागले, आपण दोघी जाड झालो, हिंजवडीची शेतं गेली. बसमधून तुझा फोन यायचा. "अर्धा तास हललो नाही. चल, सांग, कोण बरोबर होतं?" मी म्हणायचे, "एक दिवस थांबली असतीस तर आज बाईंसमोर बसली असतीस. बसमध्ये नव्हे." तू म्हणायचीस, "आणि त्या कारखान्यानं त्रिकोण शोधायले मशीन घेतली असती." मग कंडक्टरशी भांडावं तशी आपण दोघी भांडायचो, आणि बस हलली की तू फोन ठेवायचीस.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवली. आता सांगते. आमच्या प्रयोगशाळेत नमुना काटकोनात फिरवून बघण्याला मुलं 'सुजाता करणं' म्हणतात. कोणी सुंदर चित्र घेऊन आलं की दुसरं विचारतं, "सुजाता केलंस का?" यांतल्या एकानंही तुला बघितलेलं नाही. शब्द माझ्या तोंडून गेला आणि तिथेच राहिला. तुला सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस.

तुझ्या आजारपणात, दवाखान्यातल्या त्या संध्याकाळी मिलिंद चहा घेऊन आला. तू कप धरलास तर चहा बशीत सांडायला लागला. मी कपाला हात लावायला गेले, तर तू म्हणालीस, "राहू दे, चित्रावर पट्टे उठतीन." आपण हसलो. मग तू उशीवर मान टेकलीस आणि डोळे मिटून म्हणालीस, "मेधा, आता तरी म्हण न वं."

"काय?"

"तुले माहीत हाये."

मला माहीत होतं. आणि ते मला म्हणता आलं नाही, कारण ते म्हणणं म्हणजे तू निघाली आहेस हे कबूल करणं होतं. म्हणून मी म्हटलं, "एक दिवस थांबली असतीस, तर..." तू इतकी हसलीस की खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं. दारातून मागे बघितलं तर तू अजून हसत होतीस. आपली शेवटची भेट ती. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि त्यानंतर मात्र ठरवून टाकलं की पुढच्या वेळी म्हणायचं.

पुढची वेळ म्हणजे हा रविवार. तुझा फोटो, त्याच्यापुढे मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, सगळे मागून म्हणत होते, मीही म्हणत होते. मिलिंद दोन शब्द बोलला आणि तिसऱ्याला थांबला. मी डोळे मिटून वाक्य जुळवत होते, तर शेजारी कोणीतरी येऊन बसलं. तिशीच्या आतली मुलगी, रडून डोळे सुजलेले.

"एक्सक्यूज मी, तुम्ही मेधा मॅम का? म्हणजे, 'उद्याचं होऊ दे' वाल्या?"

मी तिच्याकडे वळून बसले.

तिचं नाव ऋतुजा. तुझ्या टीममधली. कार्यक्रम संपल्यावर तिनं मला मोबाईलवर फोटो दाखवला. तुमच्या कंपनीतली शिकवायची खोली आणि भिंतीवर आपलं पोस्टर. सरांनी फेकून द्यायला सांगितलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या, त्रिकोण शाबूत. खाली तुझं नाव, मग माझं.

"ॲक्चुअली मॅम, नवीन बॅच आली की फर्स्ट डेला सुजाता मॅम हे दाखवायच्या. हे काय आहे, विचारायच्या. सगळे म्हणतात डोंगर, क्रिस्टल, काहीही. मग त्या फुल स्टोरी सांगायच्या. आणि लास्टला विचारायच्या, तुम्ही असता तर काय केलं असतं? सगळ्यांसमोर सांगितलं असतं, की उद्याचं होऊ दिलं असतं? आणि मॅम, तुमची साइड त्या इतकी मस्त मांडायच्या! ऑलमोस्ट हाफ क्लास तुमच्याकडे असायचा."

माझी बाजू, सुजाता. इतकी वर्षं तू तिकडे माझी बाजू मांडत होतीस. आणि मला फोनवर काय काय बोलायचीस!

"पण आन्सर कधीच सांगितलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "आम्ही खूप मागे लागायचो. त्या म्हणायच्या, भांडण अजून मिटलेलं नाही, समोरची बाई अजून भांडते आहे. मिटलं की सांगते." तिनं नाक पुसलं. "आता ते सेशन मला घ्यायचंय. सो, मॅम... फायनली कोण बरोबर होतं?"

मिलिंद जवळच उभा होता, कोणाला तरी पाणी देत. तो थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, सकाळपासून घोकलेलं. फोटोतली तू समोर. म्हटलं असतं तर त्या पोरीला उत्तर मिळालं असतं, तिनं ते लिहून घेतलं असतं, आणि पुढच्या बॅचला पाठ करून सांगितलं असतं. मग पोस्टर नुसतं भिंतीवर राहिलं असतं.

"भांडण मिटलेलं नाही," मी म्हटलं. "मी अजून भांडते आहे."

मिलिंद हसला आणि मग तांब्या खाली ठेवून तोंड फिरवून उभा राहिला. ऋतुजानं माझा हात घट्ट धरला. "मग तुम्ही याल? तुमची साइड तुम्हीच मांडा ना. सुजाता मॅमची मी मांडते."

तर उद्या सकाळी जाते आहे, तुझ्या त्या कंपनीत, गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवून. ट्रॅफिक लागेल. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे: एक दिवस थांबली असती, तर. ऋतुजा तुझ्या बाजूनं बोलेल, आणि ती कुठे अडखळली तर मीच तिला हळूच पुढचं सांगेन. मला तुझं सगळं पाठ आहे.

ते वाक्य रविवारी तसंच परत घरी घेऊन आले. माझ्याजवळच आहे, हरवलेलं नाही. सांगते तुला, सुजाता. उद्याचं होऊ दे.